तोतया की उपरा? : क्लान्स मापनी आणि विद्यार्थ्यांच्या ‘खोटेपणाच्या भावने’चे मापन

‘इम्पोस्टर सिंड्रोम’ हा शब्दप्रयोग आता महाविद्यालयीन परिसराला परका राहिलेला नाही. समुपदेशन कक्षाच्या भित्तिपत्रकांत तो दिसतो, व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत ऐकू येतो आणि मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधाचा विषय निवडण्याची वेळ आली की दोघातिघांच्या तोंडी हमखास असतो. आपण जेथे आहोत तेथे असण्याची आपली पात्रता नाही, आजवर मिळालेले यश कोणाच्या तरी नजरचुकीने मिळाले आहे आणि एक दिवस आपले पितळ उघडे पडणार आहे, अशी धास्ती बाळगणारे विद्यार्थी प्रत्येक अध्यापकाने पाहिलेले असतात. तेव्हा या अनुभवाचे अस्तित्व नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो हा अनुभव मोजण्याचा. ज्या साधनाने तो सर्वाधिक मोजला जातो ती पॉलिन रोझ क्लान्स यांची वीस विधानांची मापनी नेमके काय मोजते, आणि तिने दिलेल्या संख्येवरून आपण आपल्या विद्यार्थ्यांविषयी काय म्हणू शकतो व काय म्हणू शकत नाही, याची चिकित्सा करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

संकल्पनेचा उगम सर्वश्रुत आहे, तरी थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण पुढील अडचणींचे मूळ तेथेच आहे. क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाशी संबंधित दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. मानसोपचार, गटचर्चा आणि अध्यापन या निमित्तांनी सुमारे पाच वर्षांत त्यांचा दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांशी संबंध आला होता. या स्त्रियांजवळ पदव्या होत्या, उत्तम गुण होते, सहकाऱ्यांची मान्यता होती. तरीही त्या स्वतःला बुद्धिमान मानीत नव्हत्या. प्रवेश समितीची चूक झाली असावी, परीक्षकाने उदार हाताने गुण दिले असावेत, अशी स्पष्टीकरणे त्या देत. क्लान्स-आइम्स यांनी याला ‘सिंड्रोम’ म्हटले नव्हते. त्यांचा शब्द ‘फिनॉमेनन’ म्हणजे केवळ ‘आविष्कार’ वा ‘घटित’ असा होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत हा विकार म्हणून आजही समाविष्ट नाही. आजाराचे लेबल पुढे लोकप्रिय लेखनाने चिकटविले आणि ते आपल्याकडे जसेच्या तसे आले.

या निबंधातील स्त्रिया प्रामुख्याने श्वेतवर्णीय आणि मध्यम ते उच्च वर्गातील होत्या. लेखिकांनी ही गोष्ट लपविलेली नाही. भावनेचे मूळही त्यांनी मुख्यतः कुटुंबात शोधले. घरात ‘हुशार’ ही पदवी दुसऱ्याच भावंडाला दिली गेलेली असते, किंवा याच्या उलट, ही मुलगी काहीही प्रयत्न न करता सर्व काही करू शकते असे घरच्यांनी ठरवून टाकलेले असते. समाजातील स्त्रीविषयक रूढ अपेक्षांचा उल्लेख निबंधात आहे, पण उपचाराचा भर व्यक्तीच्या विचारपद्धतीवर आहे. उपचारकक्षात बसून लिहिलेल्या निबंधात ते स्वाभाविकही म्हणावे लागेल. अडचण सुरू होते ती उपचारकक्षातील निरीक्षण वर्गात वाटण्याच्या प्रश्नावलीत रूपांतरित होते तेव्हा.

संकल्पनेचे तीन पाय आणि मापनीचा एक

मूळ संकल्पना नीट वाचली तर तिच्यात तीन विधाने एकत्र बांधलेली आहेत असे दिसते. पहिले, व्यक्तीचे यश वस्तुतः खरे आहे. दुसरे, भोवतालचे लोक तिला समर्थ मानतात. तिसरे, ती स्वतः मात्र स्वतःला तसे मानीत नाही आणि म्हणून उघडे पडण्याच्या भीतीत जगते. या तीनपैकी एक जरी गळाले तरी ‘इम्पोस्टर’ हा शब्द लागू पडत नाही. यशच नसेल तर ती स्वतःविषयीची रास्त जाणीव ठरेल. लोक समर्थ मानीत नसतील तर उघडे पडण्यासारखे काही उरतच नाही.

जोन हार्वी यांनी १९८१ मध्ये चौदा विधानांची पहिली मापनी केली, क्लान्स यांची वीस विधानांची मापनी त्यांच्या १९८५ च्या पुस्तकातून प्रसृत झाली आणि कोलिजिअन व स्टर्नबर्ग यांनी १९९१ मध्ये एक्कावन्न विधानांची आणखी एक आणली. यांपैकी क्लान्स मापनीच सर्वत्र रूढ झाली. तिची विधाने वाचली म्हणजे ध्यानात येते की जवळजवळ सगळा भार तिसऱ्या पायावर आहे. अपयशाच्या भीतीविषयी, स्तुती स्वीकारण्याच्या संकोचाविषयी, इतरांहून आपण कमी आहोत या वाटण्याविषयी, नशिबाविषयी विधाने आहेत. इतरांना आपण वाटतो त्याहून कमी सक्षम आहोत हे त्यांना कळेल अशी भीती विचारली आहे. पण इतर आपल्याला खरोखर किती सक्षम समजतात असे विद्यार्थ्याला वाटते, हे स्वतंत्रपणे विचारलेले नाही. पहिला पाय तर मापनीच्या कक्षेबाहेरच आहे. उत्तर देणारा यशस्वी आहे हे गृहीतच धरलेले आहे.

ही केवळ तार्किक कुरबूर नव्हे. मार्क लीअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तीन अभ्यास प्रसिद्ध केले, आणि माझ्या मते या विषयावरील संपूर्ण वाङ्मयात त्यांच्याइतके महत्त्वाचे व त्यांच्याइतके दुर्लक्षित असे दुसरे काही नाही. पहिल्या अभ्यासात त्यांनी साधा प्रश्न विचारला. ज्यांचे इम्पोस्टर-गुण जास्त येतात, त्यांना आपल्याविषयी इतरांचे मत खरोखरच आपल्या स्वतःच्या मताहून वरचढ वाटते काय? उत्तर नकारार्थी आले. अशा व्यक्तींचे स्वतःविषयीचे मत खालचे होते आणि इतर आपल्याला कसे पाहतात याविषयीचा त्यांचा अंदाजही खालचाच होता. म्हणजे ज्या तफावतीवर या संकल्पनेची सारी इमारत उभी आहे ती तफावतच सापडली नाही. ‘लोक मला मोठे समजतात, मी मात्र आतून पोकळ आहे’ असे म्हणणारा माणूस शोधायला निघालेल्या मापनीच्या हाती ‘मी कमी आहे आणि लोकही मला कमीच समजतात’ असे म्हणणारा माणूस लागला.

दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्याकडील पाहणी करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. जास्त गुण असलेल्या व्यक्तींनी स्वतःच्या कामगिरीविषयी कमी अपेक्षा व्यक्त केल्या, पण आपले उत्तर दुसरे कोणी पाहणार आहे असे माहीत असेल तेव्हाच. उत्तर खाजगी राहणार असेल तेथे हा फरक दिसला नाही. म्हणजे स्वतःला कमी लेखणे हे काही प्रमाणात दुसऱ्याच्या देखत वागण्याचे धोरण आहे. आता आपल्याकडील दृश्य आठवावे. मार्गदर्शक प्राध्यापक किंवा त्यांची विद्यार्थिनी वर्गात प्रश्नावली वाटते, वर नाव वा हजेरी क्रमांक लिहून घेतला जातो, शेजारचा मित्र कागदात डोकावतो आणि पंधरा मिनिटांत गठ्ठा गोळा होतो. ‘गोपनीयता राखली जाईल’ हे वाक्य पहिल्या पानावर असते. विद्यार्थी ते वाचतो, त्यावर विश्वास ठेवतोच असे नाही.

साठ आणि एकसष्ट

गुणांकनाविषयी फार विस्तार करण्याचे कारण नाही, पण एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण वीस ते शंभर. चाळीसपर्यंत ही भावना थोडी, एक्केचाळीस ते साठ मध्यम, एकसष्ट ते ऐंशी वारंवार आणि ऐंशीच्या वर तीव्र, असे टप्पे सांगितलेले आहेत. विसाच्या वीस विधानांवर ज्याने मधल्या ‘कधीकधी’वर खूण केली, त्याचे गुण साठ होतात. तो ‘मध्यम’ गटाच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे. एकाच विधानावर त्याची खूण एक घर सरकली की तो ‘वारंवार’ गटात गेला. आपल्या वर्गात सर्व विधानांवर मधलीच खूण करणारे विद्यार्थी किती असतात हे ज्याने कधी प्रश्नावल्या तपासल्या आहेत त्याला सांगावयास नको. कंटाळा, घाई, विधान न समजणे आणि आत्मशंका या चारही गोष्टी येथे एकाच संख्येत विरघळतात.

त्यात एकही विधान उलट दिशेने गुणांकित होत नाही. ज्याला प्रत्येक विधानाला ‘होय’ म्हणण्याची सवय आहे त्याचे गुण आपोआप वाढतात. मापनीचा विश्वसनीयता गुणांक बहुतेक अभ्यासांत उत्तम येतो आणि लघुप्रबंधात तो अभिमानाने छापला जातो. पण एकाच दिशेची, एकाच धाटणीची वीस वाक्ये परस्परांबरोबर हलतात एवढेच तो सांगतो. ती योग्य गोष्टीबरोबर हलतात की नाही हा सप्रमाणतेचा प्रश्न आहे, आणि तो वेगळा आहे. मापनीत एकच घटक आहे की तीन, याविषयीही अभ्यासकांचे एकमत झालेले नाही. माक, क्लाइटमन आणि अ‍ॅबट यांनी २०१९ मध्ये उपलब्ध मापन्यांचा आढावा घेतला तेव्हाही हा वाद मिटला नव्हता.

या साऱ्याचा परिणाम ब्रवाटा आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या आढाव्यात उघड दिसतो. बासष्ट अभ्यास, चौदा हजार एकशे एकसष्ट व्यक्ती, आणि या भावनेचे प्रमाण नऊ टक्क्यांपासून ब्याऐंशी टक्क्यांपर्यंत. कोणते साधन वापरले आणि रेषा कोठे ओढली यावर ही संख्या अवलंबून आहे. ही भावना स्त्रियांत अधिक असते हे जवळपास सूत्रासारखे सांगितले जाते. पण त्या आढाव्यात स्त्री-पुरुष तुलना करणाऱ्या तेहतीस अभ्यासांपैकी सोळांत स्त्रियांचे गुण जास्त आढळले, सतरांत फरक आढळला नाही. ज्या साधनाच्या वापरातून नऊ आणि ब्याऐंशी ही दोन्ही उत्तरे निघू शकतात, त्याच्या आधारे ‘आमच्या महाविद्यालयातील इतके टक्के विद्यार्थी ग्रस्त आहेत’ असे वाक्य वार्षिक अहवालात लिहिणे धाडसाचे आहे.

येथे एक अवांतर गोष्ट. एम्.फिल्. ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीने बंद केली. परंतु परदेशी मापनी, दोनशे विद्यार्थी, मुलगे-मुली वा ग्रामीण-शहरी अशी तुलना आणि अखेरीस ‘टी’ मूल्य, हा जो साचा त्या पदवीने रूढ केला, त्याचे आयुष्य पदवीपेक्षा बरेच मोठे दिसते. या साच्यात मापनीचा चिकित्सक विचार करायला जागाच नसते. लेखकाची अनुमती घेण्याचीही आठवण क्वचितच राहते. वस्तुतः क्लान्स मापनी अनुमतीशिवाय वापरू नये अशी सूचना तिच्याबरोबरच छापलेली असते.

‘नशीब’ या शब्दाचे ओझे

मापनी मराठीत आणताना होणारी ओढाताण हा या विषयाचा सर्वांत बोधप्रद भाग आहे, आणि तोच बहुधा ‘प्रश्नावलीचे मराठी भाषांतर करण्यात आले’ या एका वाक्यात उरकला जातो.

यशाचे श्रेय नशिबाला, योगायोगाला वा कोणाच्या तरी चुकीला देणे हे मापनीच्या दृष्टीने या भावनेचे ठळक लक्षण आहे. कारणारोपणाच्या मानसशास्त्रात हे बसते. यश आपले आणि अपयश परिस्थितीचे, हा जेथे निकोप आत्मविश्वासाचा नमुना मानला जातो, तेथे नशिबाचे नाव घेणारा वेगळा उठून दिसतो. पण आपला विद्यार्थी निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येतो तेव्हा काय म्हणतो? ‘सर, तुमच्या आशीर्वादाने झालं.’ आजीला विचारले तर देवाची कृपा. आईवडिलांची पुण्याई. याच विद्यार्थ्याने रात्ररात्र जागून अभ्यास केलेला असतो आणि ते त्याला पक्के ठाऊक असते. त्याच्या बोलण्यात स्वतःच्या श्रमांचा नकार नाही. श्रेय वाटून घेण्याची ही रीत आहे, आणि ती न पाळणाऱ्याला आपल्याकडे ‘चढेल’ म्हणतात. ‘नशिबाने’ आणि ‘कृपेने’ यांतही फरक आहे. पहिल्यात आंधळा योगायोग आहे, दुसऱ्यात नाते आहे. भाषांतरकाराने दोहोंपैकी कोणता शब्द योजला यावर त्या विधानाचे सरासरी गुण पालटतील, हे सांगण्यास संख्याशास्त्राची गरज नाही.

स्तुती स्वीकारण्याविषयीच्या विधानांचेही असेच आहे. वडीलधाऱ्याने कौतुक केले असता ‘छे छे, कसचं काय’ म्हणून मान खाली घालणे हा आपल्याकडे संस्काराचा भाग आहे. ती विधाने मराठीत वाचणारा विद्यार्थी आपल्याला काय वाटते याचे उत्तर देतो आहे की आपण कसे वागतो याचे? या प्रश्नाला उत्तर नाही आणि मापनीला तो पडलेलाही नाही. लीअरी यांनी प्रयोगशाळेत पाहिलेला ‘देखत’ आणि ‘खाजगी’ यांतील फरक मराठीच्या व्याकरणातच मुरलेला आहे.

मापनीतील आणखी एक प्रकारचे विधान तपासण्यासारखे आहे. परीक्षेत वा कामात अपयशाची भीती वाटत असतानाही आपण अनेकदा यशस्वी झालो, अशा आशयाचे विधान आरंभीच येते. यात दोन गोष्टी एकात एक गुंफलेल्या आहेत, भीती आणि यश. ज्याला भीती वाटली आणि जो खरोखरच नापास झाला, त्याने खूण कोठे करावी? उत्तम गुणांच्या अमेरिकन विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न कदाचित उद्भवत नसेल. अकरावी विज्ञानात गणिताचा वा भौतिकशास्त्राचा पेपर गमावून, पुढे शाखा बदलून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यासमोर तो उभा राहतो.

तोतया आणि उपरा

‘इम्पोस्टर’ला मराठी प्रतिशब्द कोणता? बहुतेक भाषांतरांत ‘तोतया’ हा शब्द आढळतो किंवा मूळ शब्द देवनागरीत ठेवलेला असतो. तोतया म्हटले की मराठी वाचकाला पानिपत आठवते. १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पुढे त्यांचे नाव सांगणारा एक इसम उभा राहिला, कोकणात त्याने बंड माजविले आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. तो तोतया भाऊ नव्हता आणि आपण भाऊ नाही हे त्याला ठाऊक होते. लोकांना मात्र तो भाऊ वाटावा असा त्याचा यत्न होता. आपला विद्यार्थी याच्या नेमका उलट आहे. तो रीतसर प्रवेश घेतलेला, फी भरलेला, यादीत नाव असलेला विद्यार्थी आहे. तो कोणाचेही सोंग घेत नाही. त्याला ‘तोतया’ म्हणणारा कागद त्याच्या हाती देणे, हे भाषेच्या दृष्टीने चूक आहेच, पण माणुसकीच्या दृष्टीनेही बरे नाही.

याहून जवळचा एक शब्द मराठीत आहे आणि तो साहित्याने आपल्याला दिला आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कैकाडी समाजातील एका मुलाच्या शाळेच्या व पुढील शिक्षणाच्या वाटचालीची ही कहाणी आहे. उपरा म्हणजे बाहेरचा, ज्याचे येथे कोणी नाही तो. उपऱ्याला आपल्या बुद्धीविषयी शंका असतेच असे नाही. त्याला शंका असते ती या जागेविषयी, या जागेच्या आपल्याविषयीच्या मताविषयी. आणि ही शंका बहुधा साधार असते. क्लान्स-आइम्स यांचा निबंध आला त्याच १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यात दगडू मारुती पवार आपली हकीकत शिकलेल्या दया पवारांना सांगतो अशी रचना आहे. सालाचा हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. पण एकाच माणसाचे दोन भाग परस्परांकडे परकेपणाने पाहतात हा अनुभव दोन्ही ठिकाणी आहे. अटलांटात त्याचे मूळ घरातल्या भावंडांत शोधले गेले, तर मराठी आत्मकथनाने ते गावकुसाबाहेर दाखविले.

माझा मुख्य मुद्दा येथे येतो. तोतयेपणाची भावना आणि उपरेपणाची भावना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि क्लान्स मापनीला त्यांतील भेद कळत नाही. लीअरी यांना जो माणूस सापडला, ज्याचे स्वतःविषयीचे मतही खालचे आणि लोकांच्या मताचा अंदाजही खालचा, त्याच्या बाबतीत आपण एक प्रश्न पुढे विचारला पाहिजे. लोकांच्या मताचा त्याचा अंदाज बरोबर असेल तर? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. थोरात तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. २००७ मध्ये आलेल्या त्या समितीच्या अहवालाने अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांकडून मिळणारी वागणूक, वसतिगृहातील वेगळेपण, जेवणाच्या व खेळाच्या जागी होणारी टाळाटाळ यांची नोंद केली. देशातील अत्यंत कठीण प्रवेशपरीक्षा ओलांडून आलेली ही मुले. त्यांच्या हाती क्लान्स मापनी दिली असती तर अनेकांचे गुण एकसष्टच्या वर गेले असते असे मानावयास हरकत नाही. त्या संख्येचा अर्थ मापनीप्रमाणे ‘स्वतःच्या गुणवत्तेविषयीची विपरीत धारणा’ असा झाला असता. वस्तुस्थिती अशी की त्यांना संस्थेचा संदेश व्यवस्थित वाचता येत होता.

भेदभाव इतका उघड नसतो तेथेही हेच घडते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात पहिला आलेला मुलगा अकरावीला इंग्रजीतून रसायनशास्त्र ऐकतो आणि महिनाभरात गप्प होतो. प्रश्न विचारला तर उच्चारावरून मागच्या बाकावर खसखस पिकते. त्याच्या मनात ‘मी इथला नाही’ हे वाक्य उमटते, ते कोठून आले हे शोधण्यासाठी त्याच्या बालपणात शिरण्याची गरज नाही. तो वर्ग पाहिला तरी पुरे.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर एक भक्कम आक्षेप येऊ शकतो. केविन कोकली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील वांशिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. अल्पसंख्य असल्यामुळे येणारा ताण आणि इम्पोस्टर भावना यांपैकी मानसिक अस्वास्थ्याशी अधिक निकटचा संबंध इम्पोस्टर भावनेचा आढळला. म्हणजे परिस्थितीपेक्षा आतील भावनाच अधिक घातक, असे कोणी म्हणेल. हा निष्कर्ष बाजूला सारता येणार नाही. मात्र त्याचे वाचन सावधपणे करावे लागेल. स्वतःविषयीची नाराजी विचारणारी एक प्रश्नावली आणि मनाची खिन्नता विचारणारी दुसरी, या दोन्ही त्याच विद्यार्थ्याने भरल्या असता त्यांचे नाते घट्ट येणारच. तिसरी प्रश्नावली बाहेरच्या प्रसंगांविषयी विचारते, ती एक पाऊल दूर राहते. क्रिस्मन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ही मापनी नैराश्य, आत्मसन्मान आणि सामाजिक चिंता यांहून वेगळे काही मोजते असा निर्वाळा दिला होता. परंतु वेगळे असणे आणि पुरेसे वेगळे असणे यांत अंतर आहे. शिवाय भावना घातक आहे म्हणून तिचे कारणही आतच आहे, असे ठरत नाही. धूर डोळ्यांत जातो म्हणून चूल डोळ्यांत असत नाही.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप असा की मग ही मापनी फेकूनच द्यावी. रुचिका तुलश्यान आणि जोडी-अ‍ॅन बरी यांनी २०२१ मध्ये एका गाजलेल्या लेखात स्त्रियांना इम्पोस्टर सिंड्रोम असल्याचे सांगणे थांबवावे आणि कार्यस्थळे सुधारावीत असे प्रतिपादन केले. त्यांचा रोख योग्य आहे. पण ‘दोष व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे’ एवढे म्हणून आपले, म्हणजे शिक्षकाचे, काम संपत नाही. समोर बसलेली मुलगी पूर्वपरीक्षेत पहिली येते आणि तरीही विद्यापीठ परीक्षेचा अर्ज भरायला टाळते. तिला कोणी टाकून बोललेले नाही, घरही सुस्थितीतले आहे. क्लान्स-आइम्स यांनी जी स्त्री पाहिली तीच ही. तिच्या बाबतीत मूळ निबंध आजही नेमका लागू पडतो. उपऱ्याला तोतया ठरविणे जितके चूक, तितकेच प्रत्येक तोतयेपणाच्या भावनेला उपरेपणा ठरविणेही चूक आहे. म्हणूनच दोहोंना वेगळे करणारे मापन हवे, आणि ते अशक्य नाही.

त्यासाठी नवी मापनी रचण्याचीही घाई नको. आहे त्याच पाहणीत विद्यार्थ्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारता येतील. अमुक विषयात तो स्वतःला किती समर्थ समजतो, शिक्षक व सहाध्यायी आपल्याला किती समर्थ समजतात असे त्याला वाटते, आणि असे वाटण्यास कारण झालेला एखादा प्रसंग कोणता. पहिल्या दोहोंतील अंतर म्हणजे मूळ संकल्पनेतील तफावत. ती मोठी असेल तर समुपदेशकाकडे पाठविण्यास आधार आहे. ती नसेल आणि दोन्ही आकडे खाली असतील, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचावे, आणि ते समुपदेशकाआधी विभागप्रमुखाने वाचावे. परीक्षेतील प्रत्यक्ष गुण महाविद्यालयाच्या दप्तरात असतातच. संमती घेऊन ते जोडले तर गळालेला पहिला पायही परत मिळेल. उत्तरे नावाशिवाय आणि स्वतःच्या शिक्षकाखेरीज अन्य कोणी गोळा करावीत. ‘नशीब’ आणि ‘कृपा’ या दोन्ही शब्दांनी तेच विधान दोन छोट्या गटांना देऊन पाहणे हे एका दुपारचे काम आहे, आणि एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्यातून साच्यातल्या दोनशे प्रश्नावल्यांपेक्षा अधिक शिकायला मिळेल.

राहिला प्रश्न विद्यार्थ्याला त्याचे गुण सांगण्याचा. काही ठिकाणी प्रश्नावली भरून घेतल्यावर लगेच गुण मोजून ‘तुम्ही तीव्र गटात आहात’ असे सांगितले जाते, त्यामागे जागृतीचा हेतू असतो. ज्या मुलाला आपण येथे चुकून आलो असे आधीच वाटते, त्याच्या हाती तसे म्हणणारी छापील संख्या पडते. सांगायचेच असेल तर संख्येऐवजी त्याची उत्तरे घेऊन त्याच्याशी बोलावे, आणि ज्या विधानावर त्याने सर्वांत जोराने खूण केली आहे, ते त्याला असे का वाटले हे त्यालाच विचारावे.